चष्मा पुसेपर्यंत

उत्तर न दिलेलं ते पत्र आतापर्यंत चार पुस्तकांतून फिरून आलं होतं. आधी समुद्रप्रवासावरच्या एका जाडजूड पुस्तकात ते खुणेसाठी बसलं, ते वाचून संपल्यावर पक्ष्यांच्या पुस्तकात गेलं, तिथून एका राजाच्या चरित्रात, आणि आता त्याचा मुक्काम घड्याळांच्या इतिहासात होता. गोलमामा रोज दुपारी पुस्तक उघडत, पत्र काढून बाजूला ठेवत, चार पानं वाचत आणि पत्र पुन्हा आत घालून पुस्तक मिटत. पत्राची घडी उलगडायची गरज कधीच संपली होती. ते त्यांना पाठ होतं.

गोलमामा अंगानं गोल अजिबात नव्हते. दारामागे उभी करून ठेवलेली छत्री असावी, तशी त्यांची चण. नाव पडलं ते कामावरून. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका कारखान्यात पृथ्वीचे गोल बनवण्यात घालवली होती. शाळेच्या कपाटावर, वाचनालयाच्या कोपऱ्यात, कुठल्याशा साहेबाच्या टेबलावर असतात तसले, बोटानं ढकलले की फिरणारे. बहिणीची मुलगी बोबडं बोलायची तेव्हा तिनं त्यांना गोलमामा म्हणायला सुरुवात केली. ते नाव गल्लीनं उचललं आणि मग दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचेच ते मामा झाले. पत्र त्याच भाचीचं होतं. आता ती चांगली मोठी झाली होती. मामांनी काम थांबवलं तेव्हा कारखान्यातून त्यांच्याकडे आलेले साचे, लांब टेबल, खळीची पातेली असं सगळं तिनं मागून घेतलं आणि दुसऱ्या गावी एक खोली भाड्यानं घेऊन तिथे मांडलं. तिलाही पृथ्वीचे गोल बनवायचे होते.

‘मामा,’ तिनं लिहिलं होतं, ‘फोनवर तुम्ही “बरं” याच्यापलीकडे काही बोलत नाही, म्हणून लिहिते. गोळा छान होतो. छपाईही छान होते. पण फाका चिकटवायला घेतल्या की घोडं अडतं. बाराच्या बारा लावून झाल्या तरी शेवटी करंगळी जाईल एवढी फट उरते आणि वाळल्यावर सगळीकडे फोड येतात. खळ घट्ट करून पाहिली, पातळ करून पाहिली. फाका थोड्या रुंद छापून पाहिल्या, तर फट गेली, पण फोड वाढले. तुमचे गोल तर नेहमी बसायचे. तुम्ही नक्की काय करायचा? मला जमण्यासारखं नसेल तर तसं लिहा. मी वाईट वाटून घेणार नाही.’

फाका म्हणजे काय, ते मामा कोणालाही आनंदानं समजावून सांगत, फक्त समोरच्यानं विचारायला हवं. नकाशा छापायचा सपाट कागदावर आणि चढवायचा चेंडूवर, हे जमायचं कसं? म्हणून संत्र्याच्या सालीचे उभे तुकडे काढावेत तसा तो बारा तुकड्यांत छापतात. वर-खाली निमुळता, मधे फुगीर. त्या एकेका तुकड्याला कारखान्यात फाक म्हणत. फाकेच्या पाठीला गरम खळ लावायची, ती गोळ्यावर बसवायची, तिच्या कडेला कडा लावून पुढची बसवायची, असं करत गोळ्याला वळसा घालून पुन्हा पहिलीपाशी यायचं. बारावीची कडा पहिलीच्या कडेला टेकली की पृथ्वी पुरी झाली. नाही टेकली तर अकरा फाकांची मेहनत पाण्यात.

मामांच्या हातून त्या कडा वर्षानुवर्षं टेकत आल्या होत्या. का टेकत होत्या, ते मात्र त्यांना माहीत नव्हतं. आणि हे लिहायचं कसं?

म्हणून त्यांनी पुस्तकांचा आधार घेतला. त्यांची सवयच होती ती. दुसऱ्याच्या छापील वाक्यावर त्यांचा जेवढा विश्वास बसे, तेवढा स्वतःच्या डोळ्यांवरही बसत नसे. उत्तराचे मसुदे त्यांनी पुष्कळ केले. त्यातला सगळ्यात लांब मामींच्या हाती लागला. चहाचा कप टेबलावर ठेवता ठेवता त्यांनी तो उभ्यानंच वाचला.

“अहो, हे काय आहे?”

“उत्तर. तिच्या पत्राचं.”

“हे उत्तर? पोरीनं फट विचारलीय आणि तुम्ही तिला पृथ्वी कशी जन्माला आली ते सांगताय!”

“सुरुवात नीट व्हायला नको का?”

“सुरुवात नीट आहे हो. पाच पानं झाली तरी अजून माणूसच जन्माला आलेला नाही. ती म्हातारी व्हायच्या आत फटीपर्यंत पोचाल ना?”

मामांनी कागद हळूच काढून घेतला आणि खणात ठेवला. राग आला नव्हता. मामी बरोबर बोलत होत्या, हीच पंचाईत होती. चुकीचं काहीतरी लिहायचं, तिनं त्याच्यावर विश्वास ठेवायचा आणि आणखी गोल फुकट घालवायचे, त्यापेक्षा न लिहिलेलं काय वाईट, असं ते मनाला समजावत. पण पत्रातलं शेवटचं वाक्य त्यांची पाठ सोडत नव्हतं. जमण्यासारखं नसेल तर तसं लिहा. आपण काहीच लिहिलं नाही, तर ती त्याचा काय अर्थ लावेल?

तो अर्थ तिनं लावला होता, हे त्यांना बहिणीच्या फोनवरून कळलं.

फोन मामींनी घेतला, चार शब्द बोलल्या आणि चेहरा बदलून मामांच्या हातात दिला.

“दादा,” बहीण म्हणाली, “तुझे साचे तुला परत हवेत, की इकडेच कुणाला देऊन टाकू?”

“का?”

“का म्हणजे? पोरगी खोली सोडतेय महिनाअखेरीला. एका कचेरीत जागा मिळतेय, तिथे चिकटणार म्हणते. म्हणते, मामांना विचारलं होतं, ते काही बोलले नाहीत, म्हणजे काय ते मी समजले. तू खरंच काही बोलला नाहीस?”

“बरं,” मामा म्हणाले.

“बरं काय? मी विचारतेय, साचे...”

“कळवतो,” म्हणून मामांनी फोन ठेवला.

मामी आत निघून गेल्या. थोड्या वेळानं मामा स्टूल घेऊन माळ्याखाली उभे राहिले, तेव्हा मात्र त्या धावत आल्या.

“पडाल! काय हवंय?”

“वर एक गोळा आहे. आणि छापलेल्या फाका. दोन संच असतील.”

“आणि त्याचं काय करणार?”

“चिकटवून बघतो. माझे हात काय करतात ते तरी कळेल.”

मामींनी स्टूल घट्ट धरलं. “चढा,” त्या म्हणाल्या. “आणि वरची ती फुटकी बादलीही काढा आता चढलाच आहात तर.”

गोळा निघाला. कागदाच्या लगद्याचा, वरून चुन्याचा गुळगुळीत थर दिलेला, दोन्ही ध्रुवांना भोकं पाडलेला. फाकांचे दोन संच एका जुन्या कॅलेंडरात गुंडाळून ठेवले होते. स्वयंपाकघरातलं टेबल मोकळं झालं. मामींनी आपलं जाड बुडाचं पातेलं नाक मुरडत दिलं आणि खळ शिजवायला घेतली ती स्वतःच, कारण मामांनी शिजवली तर पातेलं करपणार याची त्यांना खात्री होती.

मामांनी गोळा दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडव्या टाकलेल्या सळईत अडकवला. पहिली फाक टेबलावर उपडी ठेवली, ब्रश खळीत बुडवला. मधून वर, मधून खाली, कडेला हलकेच. फाक दोन्ही टोकांना धरून उचलली, गोळ्यावर मधल्या रेषेला जुळवली आणि हाडाच्या चपट्या पट्टीनं मधून बाहेर सारवत नेली. मोठा निळा समुद्र गोळ्यावर पसरला. ते नेहमी समुद्रापासूनच सुरुवात करत.

“छान बसली की!” मामी म्हणाल्या.

“पहिली नेहमीच बसते.”

दुसरी बसली. तिसरी बसली. मामांचा हात सुटला. इतका वेग त्यांना स्वतःलाही अपेक्षित नव्हता. मधेच त्यांचा डावा हात उगाच चेहऱ्याकडे जाई आणि नाकाला चाटून परत येई, तेवढंच. सातव्या फाकेपर्यंत ते चक्क गुणगुणायला लागले होते. दहावीला गुणगुणणं थांबलं. अकरावी लावताना ते वाकून वाकून बघत होते. बारावी लावली आणि ते खुर्चीवर बसले.

फट होती. करंगळी जाईल एवढी.

मामी पुढे झाल्या, मान तिरकी करून बघितलं. “इथे नवा समुद्र सापडला वाटतं,” त्या म्हणाल्या, आणि मामांचा चेहरा बघून लगेच गप्प झाल्या.

“बघ,” मामा म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. “मला वाटतच होतं. मला कधी येतच नव्हतं हे काम. इतकी वर्षं नशिबानं बसत गेलं. त्या पोरीला मी काय सांगणार?”

“इतकी वर्षं रोज नशीब? नशीब काय हजेरी लावून येत होतं?”

“मग हे काय आहे?”

दोघं समोरासमोर बसून त्या फटीकडे बघत राहिली. बघता बघता आणखी एक गोष्ट झाली. अगोदर तुकतुकीत बसलेल्या फाका हळूहळू सैल पडायला लागल्या. एका वाळवंटाच्या मधोमध फोड आला, मग शेजारी दुसरा. दहाव्या फाकेची कडा अकरावीवर चढली. पत्रात लिहिलं होतं अगदी तसं. जणू तिचाच गोल उठून इथे येऊन बसला होता.

मामांनी ओल्या फाका सोलून काढल्या, गोळा पुसून वाळत ठेवला आणि ते आपल्या खोलीत गेले. त्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी पीठ मळत होत्या. मामा दारात येऊन उभे राहिले.

“मी तिला लिहून टाकतो,” ते म्हणाले. “साचे देऊन टाक म्हणून. निदान उत्तर तरी जाईल.”

“लिहा,” मामी म्हणाल्या. “पण आधी मला एक सांगा. काल तुम्ही सारखं नाकावर काय शोधत होता?”

“मी?”

“हो, तुम्ही. खळ लावली की हात नाकाकडे. खळ लावली की हात नाकाकडे. मला वाटलं शिंक येतेय, म्हणून मी फडकं घेऊन उभी होते. एखादी शिंक पृथ्वीवर पडायची.”

मामांचा हात आत्ताही नकळत नाकाकडे गेला होता. तो तिथेच थांबला.

“चष्मा,” ते म्हणाले.

चष्मा आता नव्हता. काम सोडल्यावर डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, जवळचं दिसेल अशी भिंगं बसवू की दूरचं? आणि मामा लाजत म्हणाले होते, दूरचं बघायचं असं माझं काही नसतं. तेव्हापासून वाचायला, लिहायला चष्मा लागत नव्हता. पण कारखान्यात तो होता, जाड काचांचा, आणि त्यांच्या जिवाला त्यानं घोर लावला होता. गरम खळीवर वाकलं की काचांवर वाफ धरायची. फाकेला खळ लावून झाली की समोर नुसतं धुकं. मग ब्रश ठेवायचा, चष्मा काढायचा, एक काच पुसायची, दुसरी पुसायची, उजेडाकडे धरून बघायचं, पहिली पुन्हा पुसायची, चढवायचा आणि मग फाक उचलायची. प्रत्येक फाकेला हे. सगळ्यांत हळू हात म्हणून त्यांची कारखान्यात ख्याती होती. मालक पाठीमागून जाता जाता म्हणत, “याचा चष्मा पुसून होईपर्यंत खरी पृथ्वी एक फेरी मारून येते!” सगळे हसत. मामाही हसत आणि मनातल्या मनात आणखी थोडे आक्रसत.

“तेवढा वेळ फाक काय करत होती?” मामा एकदम म्हणाले.

“कुठली फाक?”

“मी चष्मा पुसत असताना. फाक टेबलावर पडलेली असायची. खळ लावलेली, ओली.”

मामींनी मळलेला गोळा ताटलीत ठेवला आणि त्याच्यावर ओलं फडकं टाकलं. त्यांनी रोजच्या सवयीनं ते केलं होतं, पण मामा त्या फडक्याकडे असे बघायला लागले, की त्या चपापल्या.

“तू हे झाकून का ठेवतेस?”

“मुरायला. लगेच लाटायला घेतलं तर ओढ घेतं, फाटतं. आपलं लग्न होऊन इतकी वर्षं झाली आणि हे आज विचारताय?”

पण मामांचं लक्ष कुठे होतं? ते बोलतच सुटले होते, आणि फोनवर एका शब्दात आटपणारा माणूस एवढं बोलतो आहे म्हणून मामी हात तसेच पिठाचे ठेवून ऐकत राहिल्या. मामांना शेजारच्या टेबलावरचा मिशीवाला आठवत होता. तो प्रत्येक फाकेला खळ लावली की गार झालेल्या चहाचा एक घोट घ्यायचा आणि तोंड वाकडं करायचा. त्याच्या पलीकडचा सगळी बोटं एकेक करून मोडायचा. एक जण खिडकीतून रस्त्यावर कोण चाललंय ते बघून यायचा. मालकांना वाटायचं, सगळे कामचुकार आहेत.

“आणि एकदा मोठी मागणी आली होती,” मामा म्हणाले. “मालक स्वतः खुर्ची टाकून आमच्यासमोर बसले. चहा बंद. खिडकी बंद. बोटं मोडली की ओरडायचे. आणि मला त्यांनी दुसरा चष्मा करून आणून दिला.”

“दुसरा कशाला?”

“एक धुरकटला की तो बाजूला ठेवायचा, दुसरा चढवायचा. पुसण्यात वेळ नको.”

मामी हसू दाबत होत्या. “मग?”

“मग तो सगळा माल फोड येऊन परत आला. शेवटची फाक एकाचीही बसली नव्हती. आम्ही सगळ्यांनी कागदाला दोष दिला. कागदवाल्याशी मालक वर्षभर बोलले नाहीत.” मामा क्षणभर थांबले. “बिचारा कागदवाला.”

बाकीची गोष्ट बोलून दाखवायची गरज नव्हती. ओला कागद फुगतो. छापताना फाक जराशी बारीकच छापलेली असते, ती फुगून मापाला येते. टेबलावर पडल्या पडल्या फुगली तर गोळ्यावर नेमकी बसते. घाईनं उचलली, तर बारीक असतानाच बसते, म्हणून शेवटी फट. आणि फुगायचं ते मग गोळ्यावर बसल्यावर फुगते. तिथे जागा नाही, म्हणून फोड. भाचीचे डोळे तरुण होते, हात चपळ होते, खळ लावली की ती फाक उचलत असणार. मामांनी काल नेमकं तेच केलं होतं.

“चष्मा कुठे आहे?” मामांनी विचारलं.

तो देवघराच्या खणात नाही, औषधांच्या डब्यात नाही, शेवटी मामींच्या शिवणाच्या डब्यात सुयांखाली सापडला. काड्या सैल झाल्या होत्या. मामांनी तो डोळ्यांना लावला, भिंतीवरचं कॅलेंडर डोंगरासारखं अंगावर आलं, तसा घाईनं काढला.

“हा घालून तुम्हाला गोळा तरी दिसेल का?”

“घालायचा नाही. नुसता पुसायचा.”

खळ पुन्हा शिजली. आता संच एकच होता. तो गेला तर पुन्हा बघायला काही उरलं नसतं, हे दोघांनाही माहीत होतं. मामांनी पहिल्या फाकेला खळ लावली, ब्रश ठेवला, चष्मा हातात घेतला आणि सदऱ्याच्या टोकानं एक काच पुसायला लागले. स्वच्छ काच. मामी तोंडावर हात धरून उभ्या होत्या.

“हसू नकोस.”

“मी कुठे हसतेय? तुमचं चालू द्या.”

पण मामांची नजर या वेळी चष्म्यावर नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा ते पुसता पुसता फाकेकडे बघू शकत होते. त्या वेळी डोळ्यांपुढे धुकं असायचं, आता लख्ख दिसत होतं. खळ लागल्या लागल्या फाकेच्या कडा वर वळल्या, होडीसारख्या. पहिली काच झाली. कडा तशाच. दुसरी काच पुसता पुसता त्या डगमगायला लागल्या. त्यांनी चष्मा उजेडाकडे धरला, पुन्हा पहिली काच घेतली, आणि फाक दमल्यासारखी आपणहून टेबलावर पसरली. मऊ, सपाट.

“आता,” मामा स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी ती उचलली.

काम हळू चाललं. मामींचं हसू चौथ्या फाकेपर्यंत टिकलं, मग त्याही टेबलाशी वाकून कडा बघायला लागल्या. “पडली, पडली, उचला,” त्या म्हणत. “थांबा हो, हे टोक अजून वर आहे.” एका फाकेला तर दोघांचा वाद झाला आणि मामींचं खरं निघालं. अकरावी बसली तेव्हा उरलेल्या जागेकडे बघायचं मामांना धैर्य होईना. त्यांनी बारावीला खळ लावली. चष्मा पुसला. जरा जास्तच वेळ पुसला.

“अहो, भिंगं झिजतील आता,” मामी हळूच म्हणाल्या.

मामांनी फाक उचलली. मधल्या रेषेला जुळवली. हाडाची पट्टी मधून बाहेर नेली, डावीकडे, मग उजवीकडे. मोठ्या समुद्राची एक लाट इकडून आली, एक तिकडून आली आणि त्यांच्यामध्ये केसभर रेघ राहिली. मामांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. रेघही गेली.

मग मामींनी ओल्या हातानंच गोल हलका ढकलला. तो सळईवर कुरकुरत फिरला.

“वाळू दे,” मामा म्हणाले. “फोड आले तर?”

दिवसभर ते दर थोड्या वेळानं स्वयंपाकघरात येऊन बघून जात होते. मामींनी जेवण आतल्या खोलीत वाढलं. संध्याकाळपर्यंत गोल वाळून खणखणीत झाला. मामांनी नखानं टिचकी मारून बघितली. एकही फोड नव्हता.

“आता फोन करा तिला,” मामी म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता. पत्र पोचेपर्यंत खोली जाईल तिची.”

“फोनवर मला...”

“माहीत आहे. तरी करा. नंबर मी लावते, बोलायचं तुम्ही.”

पलीकडून “हॅलो, मामी?” असा आवाज आला आणि मामांनी फोन मामींपुढे धरला. मामींनी कोपरानं ढोसलं.

“मी आहे,” ते म्हणाले. “मामा.”

“मामा? सगळं ठीक आहे ना?”

“हो. खोली सोडू नकोस. फट का पडते ते सापडलं. पत्र पाठवतोय.”

एवढं लांब वाक्य मामा फोनवर बोलल्याचं तिच्या आठवणीत नसावं.

“मामा, मी तर साचे बांधूनसुद्धा ठेवलेत.”

“सोड ते.”

“नक्की जमेल?”

मामांनी गोलाकडे बघितलं. नक्की, हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघत नसे. आत्ताही निघाला नाही. “माझ्याकडे बसला,” ते म्हणाले.

“बरं,” भाची म्हणाली. आवाजात हसू होतं. “थांबते मी पत्र येईपर्यंत.”

उत्तर त्यांनी सकाळी लिहिलं. या वेळी खणातल्या मसुद्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

‘पोरी,

उशीर झाला, त्याला माफी नाही. मी काय करायचो ते तू विचारलंस आणि ते माझं मलाच माहीत नव्हतं.

फाकेला खळ लावली की लगेच उचलू नकोस. कडा आधी वर वळतील. मग आपणहून खाली पडतील. तेव्हा उचल. मधल्या वेळात काय करायचं ते तुझं तू ठरव. मी चष्मा पुसायचो आणि मला वाटायचं तेवढा वेळ मी काम करत नाही. तुझे डोळे चांगले आहेत, म्हणून तुला एवढा त्रास झाला.

फाका जुन्या मापानंच छाप. सुरुवात मोठ्या समुद्रापासून कर, म्हणजे शेवटही समुद्रात येईल. तिथे केसभर इकडेतिकडे झालं तर कोणाची जमीन जात नाही.

मी दोन करून बघितले, त्यांतला एक बसला. दोनांत एक म्हणजे फार नव्हे, म्हणून तू स्वतः करून बघ आणि मगच खरं मान. जमण्यासारखं नसेल तर तसं लिहा, असं तू म्हणाली होतीस. तसं मला लिहायचं नव्हतं, तेव्हाही नव्हतं.

सोबत चष्मा पाठवतो.

– मामा’

खाली मामींनी आपल्या अक्षरात जोडलं: ‘माझं जाड बुडाचं पातेलं खळीनं गेलं. तुझा पहिला बसलेला गोल मला पाहिजे. मामी.’

चष्मा मऊ कापडात गुंडाळून, पत्र त्याच्याभोवती दुमडून मामांनी सगळं एका जाड पाकिटात घातलं आणि ते पोस्टात गेले. खिडकीतल्या बाईंनी पाकीट चाचपलं.

“आत काच आहे का?”

“चष्मा आहे.”

“फुटला तर आमची जबाबदारी नाही हं, मामा.”

“काड्या मोडल्या तरी चालतील. काचा तेवढ्या राहू देत.”

बाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं, वजन केलं आणि एक तिकीट सरकवलं. “तिकडे डिंक आहे. चिकटवा आणि बाहेरच्या पेटीत टाका.”

डिंकाच्या बाटलीशी मामांच्या मागे दोन-तीन माणसं उभी होती. मामांनी तिकिटाला डिंक लावला. तिकिटाच्या कडा वर वळल्या. ते हातात ब्रश धरून तसेच उभे राहिले.

“काका, झालं का तुमचं?” मागून कोणीतरी विचारलं.

“होतंय,” मामा म्हणाले. “एवढं पडू दे.”

कडा खाली पडल्या. त्यांनी तिकीट पाकिटावर बसवलं, अंगठ्यानं मधून बाहेर सारवलं, ब्रश मागच्या माणसाच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन पाकीट पेटीत सोडलं.